अमावास्येला झोपणारा अडत्या

माझा धंदा नेमका काय, हे माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. लग्न जमवताना त्यांना ‘मुलगा कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढंच सांगण्यात आलं होतं आणि तेवढ्यावर त्यांनी मुलगी दिली. पुढं कुणी विचारलं तर ते म्हणायचे, “जावई नांदेडला असतात, वायरी बघतात.” त्यात खोटं काही नाही. वायरी मी बघत आलोच. फक्त ज्या वायरींपायी माझे केस गेले, त्यातल्या निम्म्या डोळ्यांना दिसत नाहीत.

नांदेड, लातूर आणि आसपासच्या तालुक्यांत संगणक जोडून देणं आणि बिघडले की दुरुस्त करणं, एवढंच मी आयुष्यभर केलं. आता दुकान भाच्याकडं दिलंय आणि मी खुर्चीत बसून त्याच्या चुका काढतो. शेवटच्या काही वर्षांत मात्र सगळ्यांना एकच नाद लागला होता, तो नकाशाचा. भिंतीवर टांगायच्या नकाशाचा नव्हे, टीव्हीवर हलणाऱ्या. आपली गाडी कुठं आहे, माल कुठं आहे, माणूस कुठं झोपलाय, सगळं त्यात दिसायला पाहिजे. जो तो म्हणायचा, “साहेब, आमच्या इथं नकाशा लावून द्या.” दारावर तोरण लावायचं असावं तसं.

हा नकाशा येतो कसा, ते आधी सांगतो, म्हणजे पुढची गंमत कळेल. तो एका ठिकाणाहून येत नाही. रस्ते, नद्या, गावं यांचं चित्र एका कंपनीकडून येतं आणि गाड्या कुठं आहेत ही माहिती दुसऱ्या कंपनीकडून. आपण ज्यातून इंटरनेट बघतो तो ब्राउझर मात्र स्वभावानं फार सोवळा. ज्या घरचं पान उघडलं त्याच घरचं खाणार, दुसऱ्या घरून आलेलं ताट उंबऱ्याच्या आत घेणार नाही. म्हणून मध्ये एक छोटा संगणक बसवावा लागतो. तो दोन्हीकडून माल गोळा करतो आणि ‘हे सगळं आपल्याच घरचं आहे’ असं सांगून ब्राउझरला वाढतो. याला प्रॉक्सी म्हणतात. गिऱ्हाइकाच्या कचेरीतच बसवला तर लोकल प्रॉक्सी. दिसायला चपलांच्या खोक्याएवढा काळा डबा. त्याला स्वतःचा पडदा नाही, कळफलक नाही. समोर एक हिरवा दिवा, बस्स. नकाशा दिसला तर कौतुक नकाशाचं होतं, नाही दिसला तर शिव्या डब्याला. आणि डब्याला शिव्या कळत नसल्यामुळं त्या मला ऐकाव्या लागतात.

हिमायतनगरला बांधकामाचे एक ठेकेदार माझे गिऱ्हाईक होते. एके दिवशी त्यांचा फोन आला, “साहेब, आपला पूल गेला.” मी घाबरून विचारलं, “वाहून गेला?” तर म्हणाले, “न्हाई, नकाशातून गेला. माझ्या फोनात दिसून ऱ्हायला, हाफिसातल्या टीव्हीत न्हाई. पाव्हन्यासमोर इज्जत गेली.” त्यांच्याकडं इंटरनेट रडतखडत चालायचं, म्हणून डबा नकाशाची चित्रं जवळ साठवून ठेवत होता आणि साठवलेलं चित्र पुलाच्या आधीचं होतं. मी जुनी चित्रं पुसली, पूल आला. त्यांनी मला असे पेढे दिले की जणू तो मीच बांधला.

बिलोलीच्या गिऱ्हाइकानं तर कमाल केली. हिरवा दिवा डोळ्यांवर येतो म्हणून त्यानं त्यावर काळी चिकटपट्टी लावली आणि आठवड्याभरानं ‘दिवा लागत नाही’ अशी तक्रार केली. मी बसनं बिलोलीला गेलो, पट्टी काढली, चहा प्यायलो आणि परत आलो. तेव्हापासून दिव्याबद्दल गिऱ्हाईक काही सांगायला लागलं की मी ते एका कानानं ऐकायचो. ही सवय मला पुढं लातूरला नडली.

लातूरला मार्केट यार्डाच्या पलीकडं एक डाळमिल आहे. मालकांना सगळे अप्पा म्हणतात. सत्तरीतले, कपाळावर विभूती, आवाज इतका हळू की समोरच्याला वाकूनच ऐकावं लागतं. गावोगावी त्यांची तूर खरेदीची केंद्रं होती आणि तिथून माल आणायला टेम्पो. टेम्पोवाले फोनवर “इथंच हाय, आलोच” म्हणायचे, पण ‘इथंच’ म्हणजे औसा की उदगीर हे त्यांच्याकडून वदवून घेणं कुणाला जमत नव्हतं. म्हणून अप्पांनी नकाशा मागवला.

डबा बसवताना त्यांनी विचारलं, “हे मधलं काय हाय?” मी ताटाचं आणि उंबऱ्याचं सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, “म्हंजे अडत्याच की. इकनारा अन् घेनारा, दोघान्ला एकमेकाच्या दारात जाऊ देत न्हाई. आमच्या घरान्यात बी आधी तेच होतं.” मग जरा पुढं सरकून, “कमिशन किती घेतो?”

“काही नाही अप्पा. थोडी वीज खातो.”

“मंग तो अडत्या न्हाई,” अप्पा म्हणाले, “पन ऱ्हाऊ द्या.” मिलमध्ये त्या डब्याला तेव्हापासून अडत्याच म्हणू लागले.

दिवाळीच्या सुमारास नकाशासमोर बसायला कविता कांबळे नावाची मुलगी आली. बीएस्सी झालेली, लातूरचीच. कोणता टेम्पो मोकळा आहे, कोणत्या केंद्रावर माल तयार आहे ते बघायचं आणि ड्रायव्हरला फोन लावायचा, हे तिचं काम. पहिल्या पंधरवड्यातच तिनं ‘इथंच हाय’ची हवा काढून घेतली. “काका, तुम्ही अर्ध्या तासापासून मुरूडच्या हॉटेलावर आहात. भजी खाऊन झाली असतील तर निघा,” असं ती इतक्या अदबीनं म्हणायची की ड्रायव्हरला घास गिळता यायचा नाही. अप्पा खूश होते. ड्रायव्हर नव्हते, पण त्यांना कोण विचारतो.

आणि मग एका सकाळी तिचा मला फोन आला. “सर, नकाशा पांढरा झालाय. नुसती चौकट दिसते.”

मी नांदेडहून एसटीनं निघालो. मिलमध्ये पोचेपर्यंत दुपार झाली, आणि बघतो तर नकाशा जागच्या जागी. टेम्पो मुंग्यांसारखे रस्त्यांवरून चाललेले. आता नांदेडहून आलेला माणूस ‘काही बिघडलेलंच नाही’ म्हणून परत कसा जाणार. मी डब्याची एक वायर काढली, फुंकर मारली, परत लावली आणि म्हणालो, “झालं.” मिलचे हिशेब बघणारे काशिनाथ मुनीमजी गादीवरून म्हणाले, “साहेबाचा पायगुन बगा.”

पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या महिन्यातही. सकाळी नकाशा जायचा आणि मी पोचेपर्यंत आलेला असायचा. मी वायर बदलली, इंटरनेटवाल्यांचं यंत्र बदलायला लावलं, गाड्यांची माहिती देणाऱ्या कंपनीच्या माणसाशी फोनवर कडाकडा भांडलो. हाती काही लागलं नाही. पण मिलमध्ये माझी ख्याती मात्र वाढत गेली. मी गेटातून आत पाऊल टाकलं की नकाशा येतो, असं हमालसुद्धा बोलायला लागले. मला ते आवडायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू. एकदा तर मी गेटापाशी क्षणभर थांबलो आणि सगळ्यांचं लक्ष गेल्यावर मग आत शिरलो.

डबा आपण कधी काय केलं याची नोंद ठेवत असतो. एकदा मी ती उघडून पाहिली. त्या दिवसाच्या नोंदी दुपारपासून सुरू होत होत्या, सकाळचं एक अक्षर नव्हतं. म्हणजे सकाळी डबा बंदच असणार. पिशवी भरता भरता मी अप्पांना म्हणालो, “सकाळी डबा चालू करायचं कुणीतरी विसरत असेल.” त्या कचेरीत डब्यापाशी बसणारं ‘कुणीतरी’ एकच होतं.

कविता तिथंच उभी होती. “नाही सर. दिवा लागलेला होता. मी बघितला.”

मला बिलोलीची चिकटपट्टी आठवली आणि मी हसलो.

मुनीमजींचं निदान वेगळं होतं. हा माणूस अंगानं काडीसारखा, पण आठवण अशी की कोणत्या साली कोणत्या गावची तूर ओली आली ते तोंडपाठ. त्यांच्या ध्यानात आलं होतं की नकाशा जातो तो नेमका अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी. “अमावस्या बाधून ऱ्हायली अडत्याला,” ते म्हणाले.

मी त्यांना सगळ्यांसमोर समजावलं. “मुनीमजी, कॉम्प्युटरला अमावास्या-पुनव काही नसतं. त्याला फक्त शून्य आणि एक कळतं.” चांगलं लांबलचक बोललो. विज्ञान, अंधश्रद्धा, एकविसावं शतक, काही सोडलं नाही. मुनीमजींनी मान डोलावली आणि अमावास्या सोडून दिली. पण सोडून दुसरीकडं जे पकडलं ते वाईट होतं.

“मंग तुमीच सांगा,” ते म्हणाले. “अमावस्येला मिल बंद. दुसऱ्या रोजी हाफिसात पयला पाय कुनाचा पडतो? त्या पोरीचा. आली कवा? दिवाळीत. नकाशा कवापून जाऊन ऱ्हायला? दिवाळीपून. पूजेला हात बी जोडीत न्हाई. मशीन तरी कामून ऐकंल तिचं?”

“मुनीमजी, तुम्ही दिलेलं खोबरं मी खाते,” कविता खुर्चीतून म्हणाली. “हात जोडणं आमच्यात नाही, एवढंच.”

अप्पांनी चोपडीत डोकं घातलं आणि मी माझ्या पिशवीत. खरं तर तिच्या वाईट पायाची आणि माझ्या चांगल्या पायाची जोडी मस्त जमली होती. एक सकाळी घालवतो, दुसरा दुपारी आणतो. पायगुण खोटा म्हणायचा तर माझाही सोडावा लागला असता.

उन्हाळा लागता लागता कवितेचा फोन आला. नकाशा गेला म्हणून नव्हे, जायच्या आधीच. “सर, अप्पा म्हणाले, या अमावास्येनंतर पुन्हा गेला तर दुसरं माणूस बघावं लागंल.”

मी म्हणालो, “अगं, तुझ्यासारखीला दुसरी नोकरी सहज मिळेल.”

“नोकरी मिळंल सर. पण ‘हिचा पाय वाईट’ हे घेऊन कुठं जाऊ? मार्केटात ते माझ्या आधी पोचंल.” तिच्या आवाजात रडणं नव्हतं, राग होता. “तुम्ही दरवेळी नकाशा गेल्यावर येता. एकदा जायच्या आधी या.”

मी फोन ठेवला आणि मग माझ्या लक्षात आलं की अमावास्येला मी त्या मिलमध्ये कधी गेलोच नव्हतो. लातूरच्या मार्केटात त्या दिवशी सगळं निवांत असतं. हमाल नसतात, मोटारी बंद, पट्टे उतरवलेले. मला कुणी बोलावत नाही आणि मीही जात नाही. बिघाड शोधायला निघालेला माणूस बिघाडाच्या दिवशी मात्र नांदेडला अभ्यंगस्नान करून बसलेला. या वेळी मी आदल्या संध्याकाळीच लातूरला बहिणीकडं मुक्कामाला गेलो आणि अमावास्येला सकाळी मिलच्या गेटात उभा राहिलो.

आत रशीदभाई भेटले. मिलच्या सगळ्या यंत्रांचे हे मिस्त्री. मेन स्विच खाली ओढलेला होता. जंगम स्वामी येऊन पूजा सांगून गेले होते, प्रत्येक यंत्रावर विभूतीचे पट्टे, पुढं नारळ. रशीदभाई एकेका यंत्रावर हात फिरवत चालले होते. त्यांचा जुम्मा त्यांच्या जागी आणि यंत्रांची अमावास्या यंत्रांच्या जागी, असा त्यांचा हिशेब. त्यांच्या मागं मागं मी कचेरीत गेलो. तिथं माझा डबा स्वच्छ टॉवेल पांघरून झोपला होता. टॉवेल उचलला तर विभूतीची तीन बोटं, वर झेंडूचं फूल आणि दिवा बंद.

“रशीदभाई, हा कशाला बंद केला?”

“मेन उतऱ्या तो सबीच बंद, साहेब. सबकू छुट्टी हाय, फिर इसकूच कायकू नै?”

“याला बॅटरी जोडली होती ना मी?”

“हाय ना. थोडी देर चिल्लाती, फिर खुदच चुप हो जाती.”

मी म्हणालो, पाच मिनिटं मेन वर करा. ते म्हणाले, आज नाही, उद्या सकाळी. आराम म्हणजे आराम. मी म्हणालो, हे मशीन थोडंच आहे, याला चाकच नाही. त्यावर त्यांनी डब्याच्या पाठीमागच्या जाळीला डोळा लावला आणि म्हणाले, “अंदर पंखा फिरता. फिरता सो मशीन.” शेवटी मी विचारलं, मिलच्या बाहेर नेऊन चालवला तर? त्यांनी आधी गेटाकडं बघितलं, मग डब्याकडं. “गेट के बाहर का मेरेकू मालूम नै.”

मी डबा काखोटीला मारला आणि समोरच्या चहाच्या हॉटेलात गेलो. हॉटेलवाल्यानं बरण्या सरकवून जागा करून दिली आणि स्टोव्हमागच्या बोर्डात वायर खुपसली. विभूती आणि झेंडूसकट तो डबा टेबलावर असा शोभत होता की एका म्हाताऱ्यानं चहा खाली ठेवून त्याला नमस्कार केला. मी माझा लॅपटॉप जोडला, फोनवरून इंटरनेट दिलं. हिरवा दिवा लागला. नकाशा मागितला, तर पांढरा. तिची तक्रार मी पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी बघत होतो. मग सहज म्हणून डब्याला आजची तारीख विचारली. त्यानं कित्येक वर्षांपूर्वीची एक जानेवारी सांगितली.

चहा तसाच राहिला आणि मला सगळं एकदम दिसलं. अशा प्रत्येक डब्यात शर्टाच्या बटणाएवढा एक सेल असतो. वीज नसताना तो घड्याळ धरून ठेवतो. मिलच्या उष्म्यात आणि डाळीच्या भुशात तो सेल मेला होता, आणि मेला होता नेमका दिवाळीच्या सुमारास, कविता आली तेव्हा. सेल जिवंत होता तोवर अमावास्येच्या झोपेनं काही बिघडत नव्हतं. आता मात्र दर अमावास्येला अडत्या झोपायचा, सगळं विसरायचा आणि सकाळी मेन वर झाला की आपल्या जन्मसालात जागा व्हायचा.

त्यानं काय होतं? माल पाठवणाऱ्या कंपन्यांकडं एक ओळखपत्र असतं, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत चालणारं. डबा ते तपासूनच माल घेतो. त्यानं बघितलं की याच्या ओळखपत्राची सुरुवातच अजून कित्येक वर्षं पुढं आहे. म्हणजे हा माणूस अजून जन्मायचाय आणि दारात येऊन उभा. लबाड दिसतो. लावा दार. मग जागं झाल्यावर काही तासांनी डबा ठरल्याप्रमाणं इंटरनेटवरून वेळ विचारून घ्यायचा आणि दुपारी आपोआप शहाणा व्हायचा. त्याच सुमाराला माझी एसटी लातूरच्या स्टँडात शिरायची. सकाळच्या नोंदीही त्यानं इमानानं केल्या होत्या, फक्त त्या जुन्या सालात जाऊन बसल्या होत्या, आणि मी शोधत होतो आजच्या तारखेत.

म्हणजे माझा पायगुण हा एसटीच्या वेळापत्रकाचा होता. मुनीमजींचं अमावास्येचं म्हणणं शब्दशः खरं होतं, ज्यावर मी त्यांना एकविसावं शतक ऐकवलं होतं. आणि दिवा लागलेला होता. ती मुलगी पहिल्यापासून तेवढंच सांगत होती आणि मी हसलो होतो. मला फार लाज वाटली. नमस्कार करणारा म्हातारा अजून डब्याकडंच बघत होता, त्यालाही तोंड दाखवावंसं वाटेना.

सेल कुठल्याही घड्याळवाल्याकडं मिळतो. चौकापर्यंत जाऊन मी आणलाही. पण बसवायला डबा उघडणार एवढ्यात डोक्यात दुसराच किडा वळवळला. आता सेल बदलला तर उद्या नकाशा ठणठणीत असेल, आणि मुनीमजी म्हणतील, ‘साहेब मुक्कामी होते म्हनून.’ माझ्या पायाची आरती होईल आणि कवितेचा पाय होता तिथंच राहील. मी सेल खिशात टाकला. डबा परत नेला, फूल होतं तसं ठेवलं, टॉवेल पांघरला. आणि कवितेला फोन केला, “उद्या उशिरा ये. मी बोलावल्याशिवाय गेटातसुद्धा येऊ नकोस.”

“सर, आधीच सगळे टपलेत. उद्याच उशिरा येऊ?”

“उद्याच.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अप्पांना आणि मुनीमजींना कचेरीच्या बंद दाराबाहेरच गाठलं. चेहरा जमेल तेवढा गंभीर केला. “अप्पा, मी काल रात्रभर विचार केला. मुनीमजींचं मला पटलं. पहिला पाय चांगल्या माणसाचा पडायला पाहिजे. या गादीवर मुनीमजींइतका पायगुणाचा माणूस कोण आहे? आज कचेरी त्यांनीच उघडावी.”

मुनीमजी लाजले, पण नाही म्हणाले नाहीत. धोतराचा सोगा सावरला, चपला बाहेर नीट जोडून ठेवल्या, उजवा पाय उंबऱ्याच्या आत टाकला. डब्यापुढं हात जोडले. रशीदभाईंनी मेन केव्हाच वर केला होता आणि हिरवा दिवा छान लागलेला होता. तो मी सगळ्यांना बोट करून दाखवला. मुनीमजींनी संगणक चालू केला, टीव्ही लावला आणि बाजूला झाले.

पांढरं. रस्ता नाही, नदी नाही, एकही टेम्पो नाही.

मुनीमजींनी रिमोट धोतराला पुसला आणि परत दाबला. पांढरंच. “कविता येऊन गेली का?” त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

“आज कोनीच नै आया,” रशीदभाई दारातून म्हणाले. “तुमीच पयले.”

मी काही बोललो नाही, शपथेवर सांगतो. अप्पाच आपणहून मुनीमजींच्या उजव्या पायाकडं बघायला लागले. मुनीमजींनीही बघितलं. आणि मग तो पाय हळूच डाव्या पायाच्या मागं गेला.

पोटभर गंमत झाल्यावर मी सगळं उलगडून सांगितलं. अडत्या झोपून उठला, त्याला वाटलं अजून जुनंच साल चालू आहे, समोर आलेल्या व्यापाऱ्याची त्या सालात पेढीच नव्हती, म्हणून त्यानं माल घेतला नाही. अप्पांना हे एका दमात समजलं. मी डबा उघडून मेलेला सेल त्यांच्या हातावर ठेवला, नवा बसवला, तारीख लावली आणि रशीदभाईंना मेन पाडायला लावला. बॅटरीही काढून ठेवली. आज अमावास्या नसल्यामुळं त्यांची हरकत नव्हती. दिवा विझला. थोड्या वेळानं मेन वर केला आणि डबा जागा झाला तो याच सालात. नकाशा आला.

“मंग पोरीच्या पायाचं काय?” अप्पांनी विचारलं.

“तिच्या पायाचा काही संबंध नाही अप्पा. माझ्याही नाही.” दुसरं वाक्य तोंडातून काढताना जिवावर आलं.

“तुमचा न्हाई ते मला ठाऊक होतं,” अप्पा म्हणाले. “तुमी यष्टीनं येता. पाय कुठं लागतो जमिनीला.”

मी कवितेला फोन केला. ती गेटाबाहेरच उभी होती. ती आत आली तसे अप्पा गादीवरून उठले. मी इतक्या वर्षांत त्यांना कुणासाठी उठताना पाहिलं नव्हतं. नेहमीच्या हळू आवाजात, पण गडी-हमाल सगळे ऐकत असताना ते म्हणाले, “कविता, दिवा लागलेला होता. आमचं चुकलं.”

तिनं मान हलवली. खुर्चीत बसली, पडद्याकडं बघितलं आणि मग माझ्याकडं वळून म्हणाली, “तुम्ही हसला होता, सर.”

“हो,” मी म्हणालो. ती फोन उचलून ड्रायव्हरच्या मागं लागली.

त्या नव्या सेलमुळं माझं लातूरचं येणंजाणं बंदच पडलं. गिऱ्हाइकाचं काम पक्कं केलं की आपलीच भाकर जाते, हा आमच्या धंद्याचा शाप आहे. पुढं केव्हातरी बहिणीकडं गेलो होतो तेव्हा सकाळीच मिलमध्ये डोकावलो. ऊन तापायला लागलं होतं. मुनीमजी कचेरीच्या दाराबाहेर भिंतीच्या पट्टीभर सावलीत अंग चोरून उभे होते. दाराला कुलूप, किल्ली त्यांच्या हातात.

मी म्हणालो, “मुनीमजी, आत चला की.”

“न्हाई न्हाई. येऊ द्या तिला.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की काल अमावास्या होती. बऱ्याच वेळानं कविता आली. मुनीमजींनी अदबीनं किल्ली पुढं केली. तिनं दार उघडलं, आत गेली, टीव्ही लावला, नकाशा आला, आणि मग मुनीमजींनी घाम पुसत उंबरा ओलांडला.

मी तिला बाजूला घेऊन विचारलं, “अगं, ते सगळं मेलेल्या सेलमुळं होतं, हे त्यांना नीट सांगितलं नाहीस का?”

“सांगितलं सर. दर महिन्याला सांगते. डबा उघडून नवा सेल दाखवला. ते म्हणतात, असू दे, तू आधी जा.”

“मग?”

“मग काय,” ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. “अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी मी घरून जरा उशिराच निघते.”